बर्लिनमधली विद्यार्थिदशा : रोजच्या जगण्याचे अनुभव

शेवंती :
माझ्या भाचीला बर्लिनमध्ये प्रवेश मिळाला असून ऑक्टोबरपासून तिचे हिवाळी सत्र सुरू होईल. परवा तिने फोनवर विचारले, "मावशी, तिथे टपालपेटीवर नाव लावावेच लागते का?" आणि माझे तिथले सुरुवातीचे दिवस एकदम आठवले. तिथल्या इमारतींत घरांना सहसा क्रमांक नसतात, त्यामुळे पत्र पोहोचते ते पेटीवरच्या आणि घंटेवरच्या आडनावावरून. मी पोटभाडेकरू म्हणून राहत होते त्या घराच्या पेटीवर मूळ भाडेकरूचेच नाव होते आणि मला आलेली पाकिटे मुकाट्याने परत जात होती. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी कात्री आणि चिकटपट्टी आणून दिली. मी वहीच्या कागदाची पट्टी कापून तिच्यावर आडनाव लिहिले. ते लांब असल्याने शेवटची दोन अक्षरे कडेला वळवून बसवावी लागली. आजींनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचले, चुकीचे वाचले आणि समाधानाने मान डोलावली.
अभ्यासक्रमाची आणि व्हिसाची माहिती सगळीकडे मिळते. रविवारी दूध संपले तर काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. कृपया तसे अनुभव लिहावेत.

पांथस्थ :
नाव लागले तरी नोंदणी उरतेच. नव्या घरात राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी असा कायदा आहे, परंतु ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरी कार्यालयाची, वेळ त्या मुदतीत मिळेलच असे नाही. भाचीने आपल्याच भागातल्या कार्यालयाचा हट्ट धरू नये. शहरातले कोणतेही कार्यालय चालते आणि इतरांनी रद्द केलेल्या वेळा सकाळी संकेतस्थळावर पुन्हा दिसू लागतात. मी क्रॉइत्सबर्गमध्ये राहत असूनही पार श्पांडाऊला जाऊन नोंदणी केली. नोंदणीसाठी घर देणाऱ्याच्या सहीचे पत्र लागते आणि ते द्यायला जो टाळाटाळ करतो त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी झाली की कराचा अकरा अंकी क्रमांक टपालाने येतो; तो नसेल तर अर्धवेळ कामाच्या पगारातून जास्त दराने कर कापला जाण्याची शक्यता असते.
पैशांचे आणखी एक सांगतो. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागू लागले, पण त्यातले हातात येतात ते महिन्याला फक्त ९९२. पहिल्याच महिन्यात घराची अनामत भरायची वेळ येते तेव्हा आपलेच पैसे समोर दिसत असूनही काढता येत नाहीत. अनामत मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाहीत.

धूमकेतू :
रविवारच्या दुधाचे उत्तर : शनिवारी आणून ठेवावे. रविवारची सुट्टी तिथे राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतले, म्हणजे जर्मनीच्या जुन्या राज्यघटनेतले, ते कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या राज्यघटनेने, जसेच्या तसे स्वीकारले. अगदीच अडले तर मुख्य रेल्वे स्थानकातली दुकाने उघडी असतात, मात्र तिथे अर्धे शहर आपल्याआधी पोहोचलेले असते.

रानवारा :
रविवारी ताप आला तर काय, ते मी लिहिते. साधी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा तिथे किराणा दुकानात मिळत नाही. ती औषधाच्या दुकानातच मिळते आणि ती दुकाने रविवारी बंद असतात. आळीपाळीने काही दुकाने सुरू ठेवतात. त्या रात्री कोणते सुरू आहे, याची सूचना बंद दुकानांच्या दारांवर लावलेली असते. मला हे माझ्या घरातल्या दुसऱ्या मुलीने सांगितले आणि ती स्वतः सोबत आली. नॉयक्योल्नमधल्या त्या दुकानाचे दारही बंदच होते. घंटा वाजवल्यावर दारातली वीतभर झडप उघडली. आतल्या बाईंनी मला पावसात उभे ठेवून ताप किती आहे, आणखी कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, अशी शांतपणे चौकशी केली आणि मग गोळ्यांची पेटी बाहेर सरकवली. पावतीत रात्रपाळीचे अडीच युरो वेगळे लावले होते. त्या क्षणी मला संताप आला होता. आज मी स्वतः औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि त्या बाईंचा एकही प्रश्न अनावश्यक होता असे मला वाटत नाही.
भाचीने ११६११७ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर तो उपयोगी पडतो. जिवावर बेतले असेल तर मात्र थेट ११२.

मधली सुट्टी :
रानवाराताई, झडपेचे वर्णन वाचून मीच भिजलो. घरातल्या दुसऱ्या मुलीचे नशीब तुम्हांला चांगले लाभले. माझ्या सहनिवासी मित्राशी माझे संभाषण बहुतांशी फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांतून होत असे आणि त्या चिठ्ठ्यांचा मुख्य विषय खिडकी हा होता. थंडीत हीटर चालू ठेवून खिडकी किलकिली ठेवायची नसते. हीटर बंद करून ती पूर्ण उघडायची, काही मिनिटे घर वाऱ्यावर सोडायचे आणि पुन्हा लावून घ्यायची. आपल्या स्वयंपाकाची वाफ भिंतीवर साचली की कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीवरून वाद होतो, म्हणून हे गांभीर्याने घ्यावे. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, तेव्हा कुकरची शिट्टीही दहाच्या आत. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी पहिली शिट्टी ऐकून दार ठोठावले होते. तक्रार नव्हती, काही फुटले तर नाही ना, एवढेच त्यांना विचारायचे होते.

केशरी :
मी सध्या तिथेच शिकते आहे. मला सर्वांत जड गेला तो अंधार. डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि तासिका संपवून बाहेर यावे तर रात्र झालेली असते. खोलीत एकटीने बसवत नसे, म्हणून सत्राच्या पासावर मी रिंगच्या, म्हणजे गोल फिरणाऱ्या लोकल रेल्वेमार्गाच्या, गाडीत पुस्तक घेऊन बसू लागले. गाडी उबदार असते, साधारण तासाभरात शहराला पूर्ण फेरी घालते आणि कोणी उठवत नाही. एस-४१ घड्याळाच्या दिशेने जाते आणि एस-४२ उलट. प्रदक्षिणा म्हणून मी नेहमी एस-४१ च पकडते.

धूमकेतू :
केशरी, तुम्हांला पुण्य लागणारच. फक्त रुळांचे काम निघाले की मधला टप्पा बंद करतात आणि उरलेली प्रदक्षिणा बदली बसमध्ये उभ्याने पूर्ण करावी लागते, हे लक्षात असू द्या.