मदत हवी आहे: जानेवारीत ग्रीस, डेल्फीहून कालंबाका कसं गाठावं?

बेत आठ दिवसांचा: अथेन्स ३, डेल्फी १, मेटेओराचे कड्यांवरचे मठ बघायला कालंबाका २, नाफ्प्लिओ २. सँटोरिनी बेट मुद्दाम वगळलंय. हिवाळ्यात तिथली बरीच हॉटेलं बंद, शिवाय वारा ८ बोफोर्टला (बोफोर्ट म्हणजे वाऱ्याच्या जोराचं माप) पोचला की बोटी बंदरातच अडकतात आणि परतीचं विमान हुकायची भीती.

अडचण डेल्फीनंतरची. अथेन्सला मागे न फिरता लामिया-त्रिकाला मार्गे बस बदलत एका दिवसात कालंबाका होतं का? रविवारी पुढची बस मिळते? गाडी भाड्याने घेतली तर घाटात बर्फ लागू शकतो. चाकांच्या साखळ्या गाडीसोबतच देतात की आधी सांगून घ्याव्या लागतात?

मेटेओराचे सहा मठ वेगवेगळ्या वारी बंद असतात, हिवाळ्यात जास्तच. दोन दिवसांत निदान चार बघायचे तर कोणते वार धरावेत?