मदत हवी आहे : भाचरांना जुने सिनेमे कुठल्या क्रमाने दाखवू?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरची. दिवाळीच्या सुट्टीत पाच भाचरं येताहेत, १३ ते १९ वर्षांची. गच्चीवर पांढरी चादर बांधून रोज रात्री एक सिनेमा दाखवायचा बेत आहे.

सुरुवात 'श्यामची आई'ने (१९५३). राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला सिनेमा, शिवाय साने गुरुजी आमच्याच गावी शिक्षक होते. मग 'संत तुकाराम' (१९३६). स्मिता पाटील आपल्या शिरपूरकडच्या घराण्यातली, म्हणून 'उंबरठा' हवाच. सत्यजित राय यांचा बंगाली 'पथेर पांचाली' (१९५५) मी तीनदा पाहिलाय. त्यातली दुर्गा-अपू ही भावंडं काशफुलांतून आगगाडी बघायला धावतात तिथे दर वेळी गळा दाटून येतो. हे मुलांना पोचावं असं फार वाटतं.

अडलंय परदेशी सिनेमांपाशी. 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) समजेल. सायकल गेली की रोजगार गेला, हे इथल्या पोरांना काय सांगायचं! पण जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा 'सेव्हन समुराई' जवळजवळ साडेतीन तासांचा. दोन रात्रींत विभागला तर रस तुटेल का? धाकट्याला इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत. शेजारी बसून मराठीत सांगत गेलं तर चालतं का? आणि चॅप्लिनचे मूकपट आधी दाखवावेत की नंतर? मुलांसोबत हे केलेल्यांनी जरूर सांगा.