स्टेजवरच्या भुताला होलोग्राम म्हणणं थांबवा!

तरंगलांबी: परवा या मंचावर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलंय की २०१२ साली अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या स्टेजवर दिवंगत रॅपर तुपाक शकूर 'होलोग्राम होऊन' गायला आणि तिथून होलोग्रामचं युग सुरू झालं. डोकंच फिरलं. अहो, तिरकी लावलेली पारदर्शक फिल्म आणि तिच्यात पडलेलं सपाट व्हिडिओचं प्रतिबिंब, एवढंच होतं ते! जॉन हेन्री पेपरने १८६२ मध्ये लंडनला हेच काच लावून दाखवलं. होलोग्राफीचा जनक डेनिस गाबोर तेव्हा जन्मलाही नव्हता.

होलोग्रामच्या फोटोग्राफिक प्लेटवर चित्र नसतंच. लेझरचा एक झोत वस्तूवरून परतून येतो, दुसरा थेट येतो, दोघांच्या व्यतिकरणाचे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून उमटणारे, पट्टे नोंदले जातात. एरवी प्लेट नुसती धुरकट. योग्य प्रकाश टाकला की वस्तूकडून आला असता तोच प्रकाश पुन्हा उभा राहतो. देखाव्यात भिंग ठेवलेलं असेल तर मान हलवाल तशी भिंगामागची अक्षरं बदलतात! 'होलोग्राम' म्हणून दुकानात हवेत चित्रं दाखवणाऱ्या त्या गरगर फिरणाऱ्या एलईडी पंख्याला जमतंय का हे?

पहिल्या रांगेतला: भाषा प्रयोगशाळेच्या परवानगीने चालत नाही, सर. ॲटम म्हणजे न कापता येणारा. कापला, तरी नाव तेच राहिलं ना?

अनंतयात्री: मूळ मुद्दा राहिलाच. होलोग्रामचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात संपूर्ण चित्र! जे पिंडी ते ब्रह्मांडी. आता शास्त्रज्ञही विश्व होलोग्राम आहे म्हणतात.

कात्रीवाली: थापा. मुदत संपलेल्या कार्डावरचा होलोग्राम मी स्वतः कापलाय. अर्धा पक्षी इकडे, अर्धा तिकडे.

अनंतयात्री: श्रद्धेने कापला नसेल.

तरंगलांबी: देवा! कार्डावरच्यात प्रतिमा पृष्ठभागालगतच बसवलेली असते, कापली की कापली. लेझरच्या प्लेटचा तुकडा म्हणजे खिडकीला पुठ्ठा लावून एकच भोक ठेवणं. देखावा दिसतो, पण तेवढ्याच कोनातून, आणि धूसर. ब्रह्मांडाचा काय संबंध? तुमचे ते शास्त्रज्ञ, 'ट होफ्ट आणि ससकिंड, बोलतात ते कृष्णविवराच्या पृष्ठभागावर किती माहिती मावते याबद्दल. तिथे पिंड नाही.

पहिल्या रांगेतला: थांबा थांबा. कार्डावर स्टीफन बेंटनने शोधलेला इंद्रधनुषी प्रकार असतो ना? त्यात मान वर-खाली केली तर नुसता रंग बदलतो, वस्तूची वरची बाजू काही दिसत नाही. म्हणजे अर्धा त्रिमितीपणा गायब, तरी तो 'खरा'. सूट फक्त तुमच्या गोतावळ्याला?

तरंगलांबी: वर-खालीचं मान्य. पण त्यात पट्टे आहेत, पट्टे! कॉलेजात आम्ही रात्री लिफ्ट बंद झाली की प्लेट प्रकाशाला उघडायचो आणि श्वास रोखून बसायचो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं काही हललं तरी संपलं. एकदा बाजूच्या खोलीचं दार आपटलं, प्लेट गेली. तीच शेवटची होती. आणि आता कुणीही उठतो, फिल्म टांगतो, की होलोग्राम?

कात्रीवाली: हां, आता कळलं. जागलात तुम्ही, नाव नेलं भलत्यानेच.

तरंगलांबी: हो, आहे दुखणं. मग?

पहिल्या रांगेतला: बरं बाबा, तुपाक होलोग्राम नव्हता. 'पेपरचं भूत' म्हणू. विकून दाखवा तिकिटं त्या नावाने.

अनंतयात्री: विषयच समजला नाही कुणाला. कृष्णविवरावर वेगळा धागा काढतो.

कात्रीवाली: काढा. कात्री घेऊन येते.