मदत हवी आहे: हेपॅटायटिस बी आणि रोजची उर्राक

धाकट्या भावाला जुनाट हेपॅटायटिस बी आहे. आम्ही डिचोलीचे. टेनोफोविरची गोळी रोज चालू आहे, आणि रोजची उर्राकही (काजूच्या रसाची, फेणीहून सौम्य दारू). ती गोळी विषाणूला दाबून ठेवते, पण दारूने यकृताची होणारी हानी थांबवत नाही. हेपॅटायटिस आणि दारू दोन्ही मिळून सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) आणि यकृताच्या कॅन्सरचा धोका फार वाढतो. पण काजूचा हंगाम लागला की घरचेच म्हणतात, "उर्राक म्हणजे काय फेणी नव्हे, घे रे ग्लासभर!" याचंच मला जास्त वाईट वाटतं. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर थरथर सुटते, फिटही येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची आहे. बांबोळीला आधी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवावं की तिथल्या मानसोपचार संस्थेत? आणि घरातल्या मोठ्यांना तुम्ही कसं समजावलंत? कृपया सांगा.