अनुभव धागा: वाईट दिवसांत कुठली कविता कामी आली?

नमस्कार मंडळी. परवा मुलीकडून शाळेच्या पाठांतर स्पर्धेसाठी कुसुमाग्रजांची 'कणा' म्हणून घेत होते आणि मधेच माझाच आवाज बसला, ती बघतच राहिली. तेव्हापासून डोक्यात होतं, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही चिपळूणचे, बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी पेठेत शिरली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अंधारात बसून होतो आणि खाली कपाटं एकमेकांवर आपटल्याचा आवाज येत होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडेचना, कारण आतले वह्यांचे गठ्ठे भिजून फुगलेले आणि आतून शटरला दाबून बसलेले. शाळा लवकरच सुरू होतील म्हणून उधारीवर भरलेला माल होता सगळा. मग चिखल. आधी फावड्याने, मग घमेल्याने, कोपऱ्यातला पत्र्याच्या तुकड्याने खरवडून आणि शेवटी हातानेच. त्याला डिझेलचा वास होता, आणि जरा ऊन लागलं की तो सिमेंटसारखा घट्ट व्हायचा म्हणून थांबायचीही सोय नाही.

शाळेत बाईंनी आम्हाला 'कणा'ची शेवटची 'पाठीवरती हात ठेवून फक्त लढ म्हणा' ही ओळ मूठ वळून ठासून म्हणायला लावलेली, तेवढीच लक्षात होती. तिसऱ्या दिवशी नवरा पायरीवर बसून घमेलं रिकामं करत होता आणि मला एकदम मधली ओळ आठवली, की सरांना भेटायला आलेला, पुरात घर गेलेला तो विद्यार्थी पण बायकोला सोबत घेऊन पडकी भिंत बांधतोय, चिखलगाळ काढतोय. म्हणजे कवितेत लढणं म्हणजे काय हे त्याने सांगितलंय की, भाषण नाही काही, चिखल काढणं! नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून कवितेत गंगामाई, हे पण मला खूप उशिरा कळलं.

चौथ्या दिवशी कराडहून शाळेतला एक मित्र पाकीट घेऊन आला. नवऱ्याने ते परत त्याच्या खिशात घातलं आणि म्हणाला, तू फक्त बस थोडा वेळ. तो उलट्या क्रेटवर तासभर बसला. काय बोललो ते आठवतही नाही.

तर मंडळी, तुम्ही पण लिहा. फॉरवर्ड केलेले सुविचार नकोत, तुमच्यावर काय बेतलं आणि तेव्हा नेमकी कुठली ओळ जवळ होती ते लिहा, कितीही लांबलं तरी चालेल.

---

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी भुसावळकडची, आता पुण्यात डबे करते. मिस्टर गेले तेव्हा मुलगा तिसरीत होता आणि मला दिवसाला साठ भाकऱ्या थापायची काय सवय असणार, घरात चार माणसांच्या करायची. पहिल्या महिन्यात अंगठा आणि दोन बोटं कायम भाजलेली, रात्री वाटीत गार पाणी घेऊन त्यात बुडवून बसायचे. बहिणाबाईंचं 'आधी हाताला चटके' आजी चुलीपुढे म्हणायची तेव्हा आम्हाला ते गाणं वाटायचं, नुसतं गोड गाणं. आता बोटांची कातडी अशी झालीये की तवा तापलाय का ते हात धरला की कळतं.

पण मला तारलं ते दुसऱ्या ओळींनी. बहिणाबाईंनाही तरुणपणीच वैधव्य आलं होतं. त्या म्हणतात की कपाळाचं कुंकू पुसलं गेलं आणि त्याखाली लपलेली नशिबाची रेखा उघडी पडली. आणि 'आसू सरले सरले, आता हुंदके उरले'. हे वाचलं तेव्हा वाटलं कुणीतरी माझ्याशेजारी येऊन बसलं, कारण नातेवाईक सगळे पहिल्या दिवसापासून खंबीर हो, खंबीर हो एवढंच म्हणत होते. ह्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, काम करता करता सुचेल ते म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं म्हणून राहिलं. 1951 ला त्या गेल्या आणि 1952 ला अत्र्यांच्या प्रयत्नाने पुस्तक आलं. स्वतःचं पुस्तक पाहिलंच नाही त्यांनी, मला ह्याचं फार वाईट वाटतं.

---

माझा अनुभव जरा वेगळा आहे, कुणाला पटणार नाही कदाचित. सहा वर्षं सदाशिव पेठेत एमपीएससी केली. अभ्यासिकेत माझ्या टेबलासमोरच 'कोशिश करने वालों की हार नहीं होती' छापून लावलेलं, खाली हरिवंशराय बच्चन यांचं नाव. (ती कविता सोहनलाल द्विवेदींची आहे, अमिताभ बच्चननी पण हे सांगितलंय, तरी सगळीकडे तेच नाव फिरतं.) त्यातली मुंगी शंभरदा भिंतीवरून घसरते आणि परत चढते. दोनदा मेन्सला अडकलो, दोन्ही वेळा त्या मुंगीकडे बघून परत फॉर्म भरला. पण मुंगीला गावाकडे वडिलांचं कर्ज नसतं. मला असं वाटतं की पुन्हा पुन्हा तेच करत राहा असं सांगणारी कविता माणसाला अडकवू पण शकते, आणि हे कुणी बोलत नाही.

क्लासमध्ये सर तुकोबांचं 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास' रोज ऐकवायचे. गावी परत आल्यावर रिकामपणात आजोबांची गाथा उघडली तर त्यात तुकोबा स्वतःचा हिशोब सरळ मांडतात, 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. पुढे म्हणतात व्यवसायात तूट येताना बघून जिवाला लाज वाटली, ह्या दुःखाने त्रासलो. लाज! तोच शब्द मला सहा वर्षं सापडत नव्हता. आणि तुकोबांनी त्याच दुकानात परत परत डोकं आपटलं नाही, ते देवळाकडे वळले आणि तिथे जे धरलं ते सोडलं नाही. मी 2022 ला परीक्षा सोडली, आता खता-बियाण्यांच्या दुकानात हिशोब बघतो, अर्ध्या एकरात रोपवाटिका चालू केलीये. हरलो असं आता वाटत नाही.

---

वरच्या दादांना मनापासून नमस्कार, खरं लिहिलंत.

आम्ही लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी. मी तेव्हा पाचवीत. वडिलांना नारायण सुर्वे पाठ होते, सभेत म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे. सुर्वे म्हणजे अनाथ पोर, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं, स्वतः गिरणीत राबलेले, मोठेपणी मास्तर झाले, 1995 ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वडिलांना ते आपल्या खोलीतलेच वाटायचे.

संप लांबला तसं 'कामगार आहे मी' म्हणणं बंद झालं. त्याऐवजी 'दोन दिवस' म्हणायचे, ती दिवस मोजणारी कविता, आणि म्हणताना अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे. मला वाटायचं कामावर जायचे दिवस मोजतायत. ते गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायला लागले, मग रात्रीचे वॉचमन. आई म्हणते ज्या दिवशी कविता म्हणायचे त्या दिवशी जेवायचे नीट. मला एवढंच माहितीये, बाकी कवितेतलं मला फार कळत नाही.

---

माझं छोटंसंच. मी बोलताना अडखळते, लहानपणापासून. सातवीत एका सरांनी कुसुमाग्रजांचं 'कोलंबसाचे गर्वगीत' दिलं म्हणायला, कारण त्याची लय अशी आहे की श्वास कुठे घ्यायचा ते ओळच सांगते. स्टेजवर एकदाही अडखळले नाही. अजून फोनवर महत्त्वाचं बोलायच्या आधी बाथरूममध्ये जाऊन चार ओळी मोठ्याने म्हणते.

---

धागा काढणारी: सगळ्यांचं वाचतेय, हळूहळू उत्तर देईन. डब्यावाल्या ताईंची गार पाण्याची वाटी डोळ्यांसमोरून जात नाहीये. परीक्षेवाल्या दादा, तुमचं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, कारण दुकान परत उभं करावं की विकावं हा आमचा वाद वर्षभर चालला होता.

मुलीने आज विचारलं, आई त्या सरांनी मग पाठीवर हात ठेवला का गं? मी पुस्तक परत उघडून बघितलं, कवितेत सरांचं उत्तर नाहीच आहे. उद्या स्पर्धा आहे तिची. शेवटची ओळ ओरडून म्हणायची नाही आणि चिखलगाळवाल्या ओळीवर जरा थांबायचं, असं तिचं तिनेच ठरवलंय.