शब्दचर्चा: ‘काउखाओमाइ’ म्हणजे अभिमान, बढाई की मिरवणं?

विचारणा

आमच्याकडे रविवारी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचं (पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचं) वाचन चालू आहे. पाचव्या अध्यायात ‘संकटांचाही अभिमान बाळगतो’ असं आलं आणि एक वडीलधारे काका थांबले. म्हणाले, “अभिमान सोडा, असंच आयुष्यभर ऐकत आलो. इथे तो बाळगायचा कसा? आणि तोही संकटांचा?” मूळ ग्रीक शब्द कोणता, आणि मराठीत त्याला काय म्हणावं?

प्रतिसाद

काकांची अडचण खरी आहे आणि ती ‘अभिमान’ या शब्दातूनच येते. मूळ क्रियापद आहे काउखाओमाइ. त्याच्यापासून दोन नामं होतात: काउखेसिस म्हणजे बढाई मारण्याची क्रिया, आणि काउखेमा म्हणजे बहुधा जिच्या आधारावर ती मारायची ती गोष्ट. ही सीमा नेहमीच काटेकोर पाळलेली नाही. नव्या करारात हे शब्द जवळजवळ सगळे पौलाच्या पत्रांत आहेत, त्यातही करिंथकरांना लिहिलेल्या दोन पत्रांत सर्वाधिक. बाहेर सापडतात ते याकोबाच्या आणि इब्री लोकांस पत्रात, तेही मोजके.

आता ‘अभिमान’ घ्या. संस्कृतातून तो आपल्याकडे तत्त्वज्ञानाचं ओझं घेऊन आला आहे. सांख्यकारिकेत, म्हणजे सांख्य दर्शनाच्या जुन्या ग्रंथात, व्याख्याच आहे: अभिमानोऽहङ्कारः. म्हणजे अभिमान ही मनाच्या आत घडणारी गोष्ट, ‘मी, माझं’ असं मानणं. म्हणूनच आपण तो ‘बाळगतो’. काउखाओमाइ आत बसून राहत नाही. त्याला तोंड आहे, समोर माणसं आहेत. चार लोकांत मान वर करून, मोठ्याने सांगणं असं ते आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या क्रियापदाबरोबर ‘कशात’ किंवा ‘कशावर’ हे बहुतेक वेळा येतंच. आपण एखाद्याला विचारतो ना, “कोणाच्या जिवावर उड्या मारतोस?” तोच प्रश्न या शब्दात दडलेला आहे. उड्या मारणं चांगलं की वाईट, हे ज्याच्या जिवावर मारतोस त्यावर ठरतं. त्यामुळे हा शब्द मुळात दुर्गुणाचं नाव नाही.

याचं मूळ जुन्या करारात, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. शहाण्याने शहाणपणाची, बलवानाने बळाची, श्रीमंताने धनाची बढाई मारू नये. मारायचीच तर परमेश्वराला ओळखतो याची मारावी. तिथला हिब्रू शब्द हिथहल्लेल. ‘हालेलूया’तला ‘हालेल’ त्याच धातूचा! स्तुती आणि बढाई एकाच धातूतून निघतात. तोंड स्वतःकडे वळलं की बढाई, देवाकडे वळलं की स्तुती. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी इथे काउखाओमाइ घातलं आणि पौलाने करिंथकरांना दोन्ही पत्रांत हेच वचन ऐकवलं. त्याच भाषांतरकारांनी पाचव्या स्तोत्रात देवाच्या ठायी उल्लास करण्यासाठीही हाच शब्द वापरला आहे. त्यामुळे १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात या एकाच क्रियापदाला तीन ठिकाणी तीन वेगवेगळे शब्द आले आणि त्यांतले दोन चक्क आनंदाचे आहेत.

मला विचाराल तर मराठीत सगळ्यात जवळचं क्रियापद ‘मिरवणं’. त्यात मिरवणूक आहे, लोक आहेत, टेंभा आहे (टेंभा म्हणजे मशाल, आणि ‘टेंभा मिरवणं’ म्हणजे बढाई, हेही बघा).

प्रतिसाद

मग करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या ‘प्रीती बढाई मारत नाही’ यातही हाच शब्द आहे का?

प्रतिसाद

नाही. तिथे पेर्पेरेउओमाइ आहे, आणि नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो. अर्थ निव्वळ बडबड्या बढाईखोराचा. त्याला चांगली बाजू नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘फुशारकी’ आहे तिथे तिसराच शब्द, अलाझोनेइया. ग्रीक नाटकांतला थापाड्या, नसलेलं असल्याचं सांगणारा, तो अलाझोन. अ‍ॅरिस्टॉटलनेही आहे त्यापेक्षा जास्त सांगणाऱ्यालाच हे नाव दिलं आहे. याकोबाने एका वाक्यात दोन्ही आणलेत: तुम्ही फुशारक्यांतच बढाई मारता, आणि अशी बढाई वाईट. ‘अशी’ हा शब्द त्याला घालावा लागला, कारण नुसती बढाई त्याच्या लेखी वाईट नव्हती. पहिल्याच अध्यायात तो दीनाला बढाई मारायला सांगतो.

प्रतिसाद

‘मिरवणं’ मला पटत नाही. आमच्या घरात “दुःख मिरवू नकोस” असं म्हणतात. ‘संकटं मिरवतो’ म्हटलं तर सहानुभूती गोळा करत फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

प्रतिसाद

हे बरोबर धरलंत. रोमकरांस पत्रात ‘मिरवणं’ खटकतं, हे मान्य. तिथे पुढे लगेच संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेलं शील, त्यातून आशा अशी साखळी येते. रडगाण्याला जागा नाही. शिवाय ग्रीक शब्दयोजना ‘संकटांविषयी’ आणि ‘संकटांत असताना’ अशी दोन्ही प्रकारे वाचता येते. मी तिथे ‘संकटांतही ताठ मानेने सांगतो’ असं काहीतरी करीन.

पण करिंथकरांस दुसऱ्या पत्रात मात्र ‘मिरवणं’च हवं, आणि तुम्हाला खटकलेली छटा धरूनच हवं. तिथे विरोधकांनी आपले मोठेपण सांगितलं आहे, आणि पौल म्हणतो, मीही मूर्खासारखा बोलतो, ऐका. मग यादी: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. त्या काळच्या कानांना आकड्यांची ही चाल ओळखीची होती. सम्राट ऑगस्टसचा स्वतःच्या पराक्रमांचा लेख, ज्याची प्रत आजही अंकारातल्या मंदिराच्या भिंतीवर आहे, असाच बोलतो: तीन वेळा रथातून विजयाची मिरवणूक, २१ वेळा ‘इम्पेराटोर’ (विजयी सेनापती) म्हणून जयघोष. पौलाने साचा तोच ठेवला, आत मार भरला.

शेवटी पौल दिमिष्कातली (दमास्कसमधली) गोष्ट सांगतो. अरीतास राजाचा अधिकारी पकडायला टपलेला, आणि याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर सगळ्यांत आधी चढणाऱ्याला सोन्याचा मुकुट मिळे. काही अभ्यासकांना वाटतं की पौलाच्या मनात तोच मुकुट आहे: तो पहिला चढणारा, हा रात्री पळून उतरलेला. मला हे वाचन पटतं, कारण याच्या आधीच त्याने म्हटलंय की बढाई मारायचीच तर दुबळेपणाची मारीन. प्रचलित मराठी बायबलमध्ये याच पत्रात अशक्तपणाची ‘प्रौढी मिरवीन’ असं आहे. ज्याने कोणी तिथे ‘मिरवीन’ लिहिलं, त्याला शब्द अचूक ऐकू आला होता.

काकांना एवढं सांगा: याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल वाचकांना म्हणतो, तुम्ही आमचं काउखेमा, आम्ही तुमचं. तिथे मी ‘भूषण’ म्हणेन. घरातला मोठा माणूस लेकरांकडे बघून म्हणतो, तसंच.