मदत हवी आहे: एम.ए. इंग्रजी, पण लिहायचं मराठीत. ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण) आणि प्रकल्पाचं काय करू? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

नागपूरला एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे, दुसरं सत्र सुरू झालंय. घर उमरेडला, रोजची ये-जा बसने. कथा लिहिते, त्या मराठीत. इंग्रजीत लिहिलं की वाक्य बरोबर येतं, पण माणूस उमरेडचा राहत नाही.

आमच्या विभागाच्या फळ्यावर यश म्हणून लागतं ते ठरलेलं: कोणाचं नेट निघालं, कोणाचं सेट (प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा), कोणी बँकेत लागलं. त्यांच्या मेहनतीला नमस्कारच. पण लिहिणाऱ्यांसाठी या पदवीत नक्की काय आहे, हे विचारलं की सर म्हणतात, "आधी नेट काढ, लिहिणं कुठे जातं?"

सध्या दोन गोष्टी अडल्यात. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी आहे. वर्गातले बहुतेक जण शिकवणी वर्गात किंवा शाळेत जाणार. मला वर्तमानपत्र, प्रकाशन, अनुवाद असं काही हवंय, पण ओळख कुठेच नाही. आणि पुढच्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा. त्यात कथा लिहून देता येते का? नाही तर विदर्भातल्या कथांचा इंग्रजी अनुवाद? की "अमुक कादंबरीतील स्त्रीवाद" यावाचून गत्यंतर नाही?

परदेशात कथा लिहिण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो म्हणतात. तिकडचं कोणाला माहीत असेल तर तेही सांगा. बाबांना "कथा लिहायला विलायतेला" हे कसं सांगायचं ते माझं मी बघते.

— उमरेडची_पोर

माजी_मास्तरीण:
बेटा, इंग्रजी शिकून मराठीत लिहिणं ही नागपूरची जुनीच रीत आहे. महेश एलकुंचवारांनी इथे महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आणि नाटकं मराठीत लिहिली. त्यामुळे सरांपुढे बिचकू नकोस.

प्रकल्पात नुसती कथा घ्यायला मार्गदर्शक सहसा तयार होत नाहीत, कारण गुण कशाला द्यायचे हा प्रश्न त्यांना पडतो. अनुवाद मात्र चालवून घेता येतो. दोन-तीन कथा निवड, टिपांसह अनुवाद कर आणि पुढे २०-२५ पानांची प्रस्तावना जोड: वऱ्हाडी संवादांचं इंग्रजीत काय केलंस, नात्यांचे शब्द तसेच ठेवलेस की बदललेस, का. हेच तुझं संशोधन. विषय नोंदवण्याआधी मार्गदर्शकांशी बोल, नंतर नको. आणि शीर्षकात "समीक्षात्मक अभ्यास" हे शब्द असू देत, समितीला बरं वाटतं.

बाहेरचं म्हणशील तर अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून आहे. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाचं एम.ए. सुरू केलं. कादंबरीकार काझुओ इशिगुरो तिथलेच विद्यार्थी, त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. फरक पैशाचा आहे. इंग्लंडचं एम.ए. एका वर्षाचं आणि बहुतेकदा पदरमोड करून. अमेरिकेत एम.एफ.ए. (लेखनासारख्या कलांची पदव्युत्तर पदवी) दोन-तीन वर्षांचं असतं, पण काही ठिकाणी शिकवण्याच्या बदल्यात फी माफ होते आणि वेतनही मिळतं. दोन्हीकडे प्रवेश ठरतो तो मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर, आणि तो इंग्रजीत लागतो. म्हणजे अनुवाद तिथेही कामी येईल.

बर्डीवाला:
काऊन घाबरून राहिली बावा? ओळख नसली तरी चालते. विभागाकडून शिक्क्याचं पत्र घे, त्यात तास लिहून घे (४ क्रेडिट म्हणजे साधारण १२० तास), आणि सरळ पेपरच्या कार्यालयात संध्याकाळी जा. सकाळी तिथं कोणी भेटत नाही. "मला पत्रकार व्हायचं आहे" म्हणू नको, "इंग्रजी बातमीची मराठी करून देते" म्हण. डेस्कवर असा माणूस सगळ्यांना पाहिजे असते. रोजच्या कामाची नोंद त्याच दिवशी सही करून घे, शेवटी साहेब सापडत नाहीत.

बर्डीवर (सीताबर्डीला) विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ चा, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्याच वयाचा. त्यांचं 'युगवाणी' नियतकालिक निघते. कथा तिथं पाठवून पाह्य.

कथाकली:
स्पर्धांबद्दल थोडं. राष्ट्रकुल लघुकथा पुरस्काराला प्रवेशफी नाही, कथा २००० ते ५००० शब्दांची आणि अप्रकाशित हवी. इंग्रजीत अनुवादित कथाही चालते. म्हणजे तुझ्यासाठीच आहे असं समज. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांना, रक्कम ५० हजार, मराठीलाही मिळतो, पण त्यासाठी पुस्तक छापलेलं लागतं. केंद्राच्या पीएम-युवा योजनेत तिशीच्या आतल्या लेखकांना सहा महिने दरमहा ५० हजार मिळतात. तिथे विषय तेच ठरवून देतात, त्यामुळे मनातली कथा त्यात बसेलच असं नाही.

कथा फेसबुकवर टाकत असशील तर आवर. अनेक मासिकं आणि स्पर्धा ते "प्रकाशित" धरतात.

आणि नेट दे गं. सरांचं सगळंच चुकत नाही. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७ हजार येतात, पीएच.डी. अनुवादावर करता येते. वर्षातून दोनदा परीक्षा, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत.

उमरेडची_पोर:
मास्तरीणबाई, बर्डीवाले दादा, ताई, खूप आभार. पत्रासाठी उद्याच अर्ज देते. एकच राहिलं: ज्यांच्या कथा घेईन त्यांची परवानगी लागेल का?

माजी_मास्तरीण:
परीक्षेपुरता प्रकल्प असेल तर सहसा कोणी अडवत नाही. छापायचा किंवा स्पर्धेला पाठवायचा असेल तर लेखी परवानगी हवीच. लेखक हयात नसतील तर वारसांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. खरं तर परवानगीची कटकट कमी करायची असेल, तर निदान एक कथा तुझी स्वतःचीच घे. मार्गदर्शक कोण मिळालेत ते इथे कळव, मग शीर्षक मिळून ठरवू.